औषधाच्या पैशांची शपथ

आमच्या घरात आजारपणाला फार मान आहे. रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन येतो, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवते, केस सारखे करते, खुर्ची पुढे ओढून बसते, आणि तो पहिलं वाक्य म्हणतो, "काय म्हणतोय गुडघा?" माझी चौकशी तो करत नाही असं नाही, पण नंबर आधी गुडघ्याचा. मग रक्तदाब, मग साखर, मग झोप. ही सगळी मंडळी आटोपली की माझी पाळी येते, आणि तोवर त्याला आठवड्याचं सामान आणायला बाहेर पडायचं असतं.

मुलगा आयर्लंडमध्ये नोकरी करतो. मी म्हैसूरला, बोगादीत, आम्ही दोघा नवराबायकोंनी हौसेनं बांधलेल्या घरात एकटी राहते. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मिरजेहून आलो, तेव्हा मुलगा तिसरीत होता आणि बोगादीच्या पुढे नुसती रानं होती. आता त्या रानांत लेआउट झाले, लेआउटमध्ये दोन-दोन मजली घरं झाली, आणि त्या घरांमध्ये माझ्यासारखी एकेकटी म्हातारी माणसं झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वरचा मजला भाड्याने द्या, असं भेटेल तो सांगतो. वर मुलाची खोली आहे. ती भाड्याने द्यायची म्हणजे काय द्यायचं, हे मी कुणाला समजावत बसत नाही.

मुलगा पैसे पाठवतो. आधी नुसतेच पाठवायचा, घरखर्चाला म्हणून. एकट्या बाईचा घरखर्च असून असून किती असणार? नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनमध्ये माझं दूध, भाजी, गॅस सगळं भागतं. मग त्याच्या पैशांचं मी तेच करायची जे जगातली कुठलीही आई करील. बँकेत जाऊन त्याच्याच नावाने ठेवी करायची. मागे तो आला होता, तेव्हा कपाटात कुठलंसं सर्टिफिकेट शोधताना साड्यांच्या घडीखाली त्याला त्या पावत्या सापडल्या. एवढा संतापलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "आजीसारखं करायचं ठरवलंयस का तू?" असं तो म्हणाला. सगळ्या ठेवी मोडायला लावून त्याने ते पैसे स्वतःच्या शिक्षणाच्या कर्जात भरले, आणि निघायच्या दिवशी, टॅक्सी दारात उभी असताना, माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे तुला," तो म्हणाला. "यापुढे मी पाठवीन ते पैसे औषधालाच. दुसऱ्या कशाला लावायचे नाहीत."

मी गणिताच्या शिकवण्या घेतलेली बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराची वाट चुकवत नाही. पण पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडायची, आणि तीही तो विमानाने समुद्र ओलांडून जाणार असताना, एवढं धैर्य माझ्यात नाही. कुणाही मराठी आईत असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून माझी मोठी पंचाईत झाली. पैसे दर महिन्याला येऊन पडायचे, पण ते खर्चायचे तर आधी काहीतरी दुखायला हवं. दिवाणखान्यातले पडदे विटून गेले होते. पण पडदे म्हणजे काही औषध नव्हे. पाठ दुखते म्हटल्यावर डॉक्टरी गादी मात्र आली, कारण तिच्या कव्हरवर मणक्याचं चित्र होतं. मिक्सर जळला तो मी पेन्शनमधून घेतला, आणि त्याच आठवड्यात बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचं यंत्र घेतलं. ते मी आजवर एकदाच लावून पाहिलं. मग रक्तदाबाचं यंत्र आलं, साखरेचं आलं, पायाखाली ठेवून शेक घ्यायची पेटी आली. काही न दुखता पैसे साचले की मलाच अपराध्यासारखं व्हायचं आणि मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसायची. माझे दात आता माझ्यापेक्षा चांगल्या प्रकृतीचे आहेत.

आणि तपासण्या. त्या तो तिकडून परस्पर ठरवतो. सकाळी उपाशीपोटी असताना एक मुलगा दारात येतो, रक्त काढतो, कापूस दाबून धरा म्हणतो आणि जातो. रिपोर्ट थेट मुलाच्या फोनवर. माझी साखर वाढली हे माझ्या आधी आयर्लंडला कळतं. एकदा तर मी शेजारच्या हळदीकुंकवाहून परत येऊन पायसुद्धा धुतले नव्हते, तोच त्याचा फोन, की आई, तू गोड खातेस. आमच्या लेआउटच्या बागेतल्या बाकावर सगळ्यांची हीच तऱ्हा. एकाचा डोळा अमेरिकेतल्या लेकीने केलेला, दुसऱ्याच्या कानातलं यंत्र दुबईहून आलेलं. आम्ही सगळे परदेशी सुट्या भागांवर चाललोय, असं मी एकदा म्हटलं तेव्हा सगळे हसले.

पण त्या पैशांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. नवऱ्याच्या छातीत कळ आली होती तेव्हा मुलगा अजून शिकत होता. बाहेरून पाठवणारं कुणी नव्हतं आणि घराचे हप्ते चालू होते. हे पित्ताचं आहे, असं म्हणून नवरा दोन दिवस सोडा पीत राहिला. मोठ्या दवाखान्यात गेलो असतो तर नुसत्या तपासण्यांनीच महिन्याचा पगार खाल्ला असता, म्हणून सोमवारपर्यंत बघू असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. त्याला सोमवार दिसला नाही. मुलगा माझं रक्त का तपासत राहतो हे मला कळतं. फक्त त्याला एक कळत नाही, की दुखणं संपलं की आमचं बोलणंही संपतं.

समोरच्या घरात माझ्याच वयाची एक बाई राहते. तिचे पणजोबा की खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. तेव्हापासून हे घराणं म्हैसूरचंच. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी कानडीत बुडवून काढलेली असते. आम्ही दोघी एकमेकींना अक्का म्हणतो, कारण मोठी कोण हे अजून ठरलेलं नाही. पहिली काही वर्षं मला तिचं बोलणं अर्धंच कळायचं, आणि माझं तिला पुस्तकातल्यासारखं वाटायचं. सकाळी दार उघडून ती रस्त्यापलीकडूनच नाश्त्याचं विचारते, "तिंडी झाली का अक्का?" आणि मी हो म्हणते. कित्येकदा दिवसभरात मी तोंडाने बोललेला तो एकच शब्द असतो.

गुडघा मात्र खराखुरा दुखत होता. तो शपथेपायी आणलेला नव्हता. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं उभं राहताना. मी झोपायची खोली खाली आणली आणि वर जाणं सोडून दिलं. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. आतली गादी संपली होती आणि हाडावर हाड घासत होतं. ऑपरेशन करून नवा सांधा बसवावा लागेल म्हणाले. मुलाला हे मी सांगण्याची गरजच पडली नाही. फोटो त्याच्याकडे पोचला होता.

त्या वर्षी तो डिसेंबरमध्ये येणार होता. मागच्या खेपेनंतर त्याला यायलाच जमलं नव्हतं. यंदा नक्की, असं तो जूनमध्ये म्हणाला आणि मी त्याच दिवशी कामवालीला वर पाठवून त्याची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं, धुतलेली चादर घालायला लावली. डिसेंबरला अजून सहा महिने होते. मला ठाऊक होतं, पण हाताला काम हवं होतं. कॅलेंडरवर खूण करण्याइतकी मी बालिश नाही. तरी रोज सकाळी त्या पानाकडे नजर जायची. तो आला की त्याला काय खाऊ घालायचं, कुठे न्यायचं, सगळं मनात ठरलं होतं. बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांच्या वसाहतीत, लहानपणी नेलं होतं तेव्हा त्याला मठातल्या पोरांसारखं तांबडं वस्त्र हवं होतं आणि त्याने भर रस्त्यात बसकण मारली होती. ती गोष्ट मला त्याच रस्त्यावर उभं राहून त्याला सांगायची होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी फोन आला. गुडघ्याची चौकशी झाली. मग तो थोडा घुटमळला. तिकडे त्याचं घरभाडं वाढलं होतं. माझा विमा होता, पण ऑपरेशनचा निम्माच खर्च त्यात बसत होता. नाताळातली विमानाची तिकिटं कशी असतात हे त्याने मला सांगितलं, जसं काही ती माझ्यासाठी नवी माहिती होती. शेवटी म्हणाला, "आई, खरं सांगतो. यंदा एकच जमेल. मी येऊ, की गुडघा करून टाकू?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

"गुडघा झाला की तूच ये ना इकडे," तो घाईघाईने म्हणाला. "विमानतळावर केवढं चालावं लागतं. या गुडघ्याने जमायचं नाही तुला."

फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. समोर कॉफीचा डबा होता. त्याने विचारायला नको होतं, असं वाटलं. परस्पर ठरवून टाकलं असतं तर मला रागावता आलं असतं. आता रागावायचं कुणावर?

दुसऱ्या दिवशी समोरच्या अक्कांकडे गेले. त्यांनी कॉफी दिली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "नोडी अक्का, पोराला ये म्हणा. गुडघा काय ओडिहोगतो?" गुडघा काही पळून जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुम्ने, गपचूप दुखणं सहन करून घ्या वर्षभर. पोरगं डोळ्यासमोर असलं की दुखत नाही."

मला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले होते, हे काही मी कबूल करायला नको. पण परत येताना, रस्ता ओलांडता ओलांडता, मला माझ्या सासूबाई आठवल्या.

मुलगा ज्यांना आजी म्हणतो त्या या. मिरजेत दर दुसऱ्या बोळात दवाखाना, आणि त्या गावात राहून त्या आंधळ्या झाल्या. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यांत रोज थेंब घालायला लागायचे, महागडे, आणि ते जन्मभर. नवरा म्हैसूरहून दर महिन्याला त्यांच्या थेंबांचे पैसे पाठवायचा. त्या पत्रातून, निरोपातून, पुढे फोनवरून एकच सांगायच्या, पैसे नकोत रे, तू ये. आणि तो जायचा. पोचला की घरात श्रीखंड असायचं, त्याच्यासाठी नवा शर्ट असायचा, नातवासाठी सायकल असायची. हे सगळं कुठून येतं असं आम्ही विचारलं नाही. बाटली कपाटात असायची, आम्हाला दिसेल अशी समोर. ती एकच बाटली आहे हे फार उशिरा कळलं. थेंब रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा पडायचे, कारण उरलेले पैसे मुलाच्या येण्यासाठी साठत होते. शेवटी एकदा नवरा मिरजेला गेला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गालापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, वाळलास. नवरा रात्रभर गाडीत बसून परत आला आणि दोन दिवस जेवला नाही.

ही गोष्ट मुलाने त्याच्या वडिलांकडून ऐकली आहे. शपथ तिथून आलेली. सासूबाईंनी येणं मागून घेतलं आणि मुलगा आल्यावर त्यांना तो दिसला नाही. मला तसं करायचं नव्हतं. उद्या मी जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तर त्याला येणंही भाग पडेल आणि खर्चही, आणि येऊन तो माझी पलंगावरची भांडी उचलत बसेल. हिशेब सरळ होता. गणितात मी कधी चुकत नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला म्हटलं, गुडघा करून टाकू.

मला वाटलं होतं तो म्हणेल, नाही आई, मीच येतो. निदान थोडा वेळ तरी गप्प बसेल. तो म्हणाला, "गुड डिसिजन, आई." आणि त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं मला त्या एवढ्याशा पडद्यावरसुद्धा दिसलं. त्याचं चुकलं नाही. मीच तर सांगितलं होतं. पण फोन बंद झाल्यावर मी पदराने तोंड झाकून रडले, एकट्या घरात तोंड झाकायची काही गरज नसताना.

दसऱ्याच्या गर्दीत रिक्षासुद्धा मिळत नाही, म्हणून ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं. समोरच्या अक्का बरोबर आल्या. त्यांनी माझ्या निर्णयाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त पिशवीत दोन डबे आणि स्वतःची उशी घेतली. दवाखान्यात आदल्या दिवशी डॉक्टर मला समजावायला आले. त्यांच्या हातात गुडघ्याचा प्लास्टिकचा सांगाडा होता. मुलगा व्हिडिओवर होता, फोन नर्सने धरला होता. डॉक्टरांनी सांगाडा फोनसमोर धरला आणि इथे कापणार, इथे हे बसवणार, असं सगळं नीट इंग्रजीत मुलाला समजावून सांगितलं. मुलाने चांगले प्रश्न विचारले. मी पलंगावर होते तिथून मला त्या सांगाड्याची मागची बाजू दिसत होती. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "मुलगा फार काळजी घेतो हं तुमची." मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

मग कागदांवर सह्या घ्यायला एक मुलगी आली. तिने कानडीत विचारलं, "निम्म जोते यारु बंदिद्दारे?" तुमच्याबरोबर कोण आलंय? घरचं माणूस हवं होतं. मी माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघत राहिले. मुलगा आहे म्हणावं, तर तो अजून फोनमध्येच होता आणि फोनला सही करता येत नाही.

"नानु," समोरच्या अक्का कोपऱ्यातून उठून म्हणाल्या. मी. "इवर तंगी." यांची धाकटी बहीण.

इतकी वर्षं जे ठरत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात ठरवून टाकलं. सही केली, उशी घेतली आणि बाकावर जाऊन आडव्या झाल्या. तिथूनच मला म्हणाल्या, "परवागिल्ला, असू दे. झोपा आता."

ऑपरेशन छान झालं. सगळे तसंच म्हणतात आणि ते खरंही आहे. घरी आल्यावर व्यायाम करून घ्यायला टी. नरसीपूरकडची एक मुलगी रोज यायची. ती माझा पाय उचलायची आणि कानडीत आकडे म्हणायची, मी तिच्या पाठोपाठ मराठीत म्हणायची. तिचेही पैसे शपथेतलेच. ती तासभर असायची तेवढा वेळ घरात दोन आवाज असायचे. पाय सुधारत गेला तशी ती एक दिवसाआड येऊ लागली, मग आठवड्यातून एकदा, मग येईनाशी झाली. बरं होण्याचा हा भाग मला कुणी आधी सांगितला नव्हता.

डिसेंबर आला आणि गेला. मी काठी टाकून दिली. एका सकाळी, कुणी बघत नसताना, जिना चढून वर गेले. वर्षभराहून जास्त काळ मी तो जिना चढले नव्हते. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. कुठे कळ नाही, कटकट नाही, पायऱ्या नुसत्या मागे पडत गेल्या. मुलाच्या खोलीचं दार उघडलं. जूनमध्ये घातलेली चादर तशीच होती, घडीच्या रेघांसकट, आणि तिच्यावर बारीक धूळ बसली होती. मी पलंगावर बसले. खिडकीतून सगळा लेआउट दिसत होता, रस्ता दिसत होता, समोरच्या अक्का अंगणात रांगोळी घालत होत्या.

तिथे बसल्यावर मला कळलं की मी किती एकटी आहे. याआधी गुडघा होता. सकाळी उठल्यावर त्याची मर्जी बघायची, त्याला जपून बाथरूमपर्यंत न्यायचं, दुपारी शेक द्यायचा, संध्याकाळी त्याच्याबद्दल फोनवर सांगायचं. घरात एक कुरकुरं माणूस असल्यासारखं होतं. आता तोही नव्हता. पाय कुठेही न्यायला तयार होता आणि मला कुठेच जायचं नव्हतं. आयर्लंडचं मी काढलं होतं एकदा. तो म्हणाला, आई, थंडी संपू दे. थंडी संपल्यावर म्हणाला, घर बदलतोय, एकच खोली आहे, जरा थांब. मी थांबले आहे. मला थांबायची सवय आहे. पण सवय असली म्हणजे दुखत नाही असं नाही.

खाली येऊन मी चादर धुवायला टाकली.

आणि मग गेल्या रविवारचा फोन. कॉफीच्या डब्याला मोबाइल टेकवला, केस सारखे केले. "काय म्हणतोय गुडघा?" मी म्हटलं, मजेत आहे. रक्तदाब? मजेत. साखर? तुझ्याकडेच रिपोर्ट आहे, तू सांग. तो हसला. सगळं छान होतं. दोन मिनिटांत आमचं बोलणं संपलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्याच्या कपाळावरचे केस मागे सरले आहेत हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एरवी वेळच नसायचा.

"आता माझं काही दुखत नाही," मी म्हटलं. "शपथ सुटली म्हण."

त्याला आधी कळलंच नाही. मग आठवलं. "का? काय घ्यायचंय?"

"पडदे."

पडदे घ्यायचेच होते. पण त्याहून जास्त मला दर महिन्याचे ते पैसे बाजूला ठेवायचे होते. ते जमतील तसे जमवून त्याच्या हातात त्याचं तिकीट ठेवायचं होतं, म्हणजे पुन्हा त्याला मला काही विचारावं लागलं नसतं. हे त्याला सांगितलं असतं तर त्याने शपथ कधीच सोडली नसती.

"म्हणतो गं," तो म्हणाला. "आधी चालून दाखव. नीट, ते लंगडल्यासारखं नाही."

मी उठले. टेबलापासून फ्रिजपर्यंत गेले, वळले, परत आले. तो म्हणाला, अजून थोडं लांब जा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडले, दिवाणखाना ओलांडला आणि पुढच्या दारापाशी गेले. दार उघडं होतं. बाहेर संध्याकाळ झाली होती, समोरच्या अंगणात दिवा लागला होता. मी वळणार, तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला.

"आई, दिसत नाहीस."

मी थांबले.

"आई?"

शाळेतून आला की तो दप्तर इथेच, या दारात टाकायचा आणि घरभर हाका मारत सुटायचा. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत असायची आणि ऐकू येऊनही लगेच ओ द्यायची नाही. अजून एक हाक ऐकावीशी वाटायची. या घरातून, आतल्या बाजूने, आई अशी हाक कित्येक वर्षांत आली नव्हती. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. गुडघ्याला काही झालं नव्हतं. पण पाय पुढे टाकावासा वाटेना.

"आई, कुठेयस?"

"आधी सुटली म्हण," मी तिथूनच म्हटलं.

"सुटली बाई, सुटली. ये आता."

ये आता. किती सहज म्हणून गेला तो. ऑगस्टपासून हा शब्द माझ्या तोंडात होता. विचार करून सांगते म्हणताना होता, गुडघा करून टाकू म्हणताना होता, दवाखान्यात सांगाड्याची पाठ बघताना होता. समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून तो मला कधी म्हणता आला नव्हता. आता तो मला बघू शकत नव्हता.

"तू ये," मी म्हटलं.

आतून त्याचा आवाज आला, घाबरलेला, लहानपणी तापात यायचा तसा.

"का गं? काय दुखतंय?"

"काही दुखत नाहीये," मी म्हटलं. "तरी ये."